चार कडव्यांची परीक्षा

एकतीस वर्षं मी मुलींच्या शाळेत गाणं शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत कमीत कमी दोनशे मुली नापास केल्या. गाण्यात कोण नापास करतं, असं लोक विचारत. मी करते. बेसूर पोरीला "छान हं" म्हणून पुढच्या वर्गात ढकलणाऱ्या बायकांमुळेच समारंभांत आणि रेडिओवर आपल्याला काय काय सोसावं लागतं, ते बघा. बाईंच्या सहीचा कागद म्हणजे कागद, असं शहरात म्हणत. खोटं कशाला बोलू, ते ऐकायला मला फार आवडायचं.

त्या सहीसाठीच बास्केटबॉल महासंघाचे सचिव एका दुपारी माझ्या वर्गात आले. गृहस्थ असे, की उभ्या जन्मात चेंडूला हात लावलेला नाही. आधी ते नौकानयन संघटनेचे सचिव होते. ती बुडाल्यावर इकडे आले. दुसरीच्या मुलींच्या बाकावर ते गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि म्हणाले, "बाई, देशाला आपली गरज आहे."

देशाला आपली गरज आहे असं सांगत येणाऱ्या माणसाला स्वतःचीच काहीतरी अडचण असते. सचिवांची अडचण सहा फूट चार इंच उंच होती.

राष्ट्रीय महिला संघात बारा जणी असतात. नियम असा, की त्यातली एक जागा नुकतंच आपलं नागरिकत्व घेतलेल्या परदेशी खेळाडूला देता येते. सचिवांनी ती जागा भरून टाकली होती. एकतिशीची बाई, अकरा वर्षांत सात देशांच्या लीगमध्ये खेळलेली, बास्केटखाली ठाण मांडून उभी राहणारी सेंटर. तिला तीन आठवड्यांत पासपोर्ट मिळाला. मला घरासमोरचा रस्त्यावरचा दिवा बदलून मिळायला सात महिने लागले होते.

वर्तमानपत्रांनी मात्र "भाड्याची उंची" असा मथळा देऊन सचिवांच्या नाकी नऊ आणले. तेव्हा या हुशार गृहस्थांनी पत्रकारांसमोर जाहीर करून टाकलं, की ही खेळाडू राष्ट्रगीताची चारही कडवी, शब्द आणि चाल यांसकट, पात्र शिक्षिकेसमोर म्हणून दाखवील, पास होईल, तेव्हाच जर्सी घालील. नाही तर तिच्या जागी आपल्याच देशातली मुलगी जाईल. पत्रकार खूश झाले. चार कडवी! मैदानात एकच वाजवतात. उरलेली तीन चौथीच्या पुस्तकात असतात आणि तिथेच मरतात.

"सचिवसाहेब," मी म्हटलं, "बारावी जागा तिला दिलीत, तर तेरावी कोण झाली, ठाऊक आहे का?"

"आपली भाची," ते गोड हसून म्हणाले. "म्हणून तर आपल्याकडे आलो. दुसऱ्या कुणी पास केलं तर लोक म्हणतील, आतून ठरलेलं होतं. मावशीनंच पास केलं तर कोण काय बोलणार?"

"आणि मावशीनं नापास केलं तर?"

"तर भाची जाईल. शब्द दिलाय, तोही छापून आलाय. पण आपण खोटे गुण देणार नाही. ना इकडचे, ना तिकडचे."

माणूस बिनकामाचा असला तरी बिनडोक नव्हता. मी हो म्हटलं. नाही म्हणाले असते तर लोकांना वाटलं असतं, बाई घाबरल्या.

माझ्या भाचीला घरात शिडी म्हणतात. सहा फूट एक इंच. बाराव्या वर्षीच तिचे पाय पलंगाबाहेर जाऊ लागले, तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीनं पायथ्याशी एक स्टूल लावलं आणि त्यावर उशी ठेवली. ते स्टूल अजून तिथेच आहे. सकाळी ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एका खिडकीमागे बसते. खिडकी इतकी खाली आहे, की लोकांना तिची फक्त हनुवटी दिसते. चारनंतर मैदान. अकरा वर्षं, आजारपण सोडून एक दिवस चुकलेला नाही.

परदेशी क्लबांची माणसं खेळाडू हेरायला येतात ती, हा संघ निघाला होता त्या पात्रता स्पर्धेलाच. देशाची जर्सी घालून उतरलीस तर दिसतेस, नाही तर तू नाहीसच. एका क्लबनं शिडीला कळवलंही होतं, की स्पर्धेत तुझा खेळ बघू आणि मग बोलू. तिला पंचविसावं संपत आलं होतं. पुढची स्पर्धा चार वर्षांनी. तोवर क्लबवाले एकोणीस वर्षांच्या पोरींकडे बघणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

त्या संध्याकाळी बहीण माझ्यासमोर हात जोडून बसली. "ताई, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही."

हे साफ खोटं होतं.

"फक्त तिला नापास कर."

"नापास असेल तर नापास करीन."

"असेल तर म्हणजे काय? तुझ्या हातात आहे ना?"

"आई, मावशीला शिकवू नकोस," आतून शिडीचा आवाज आला. नंतर ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. फाटकाची कडी लावत म्हणाली, "मावशी, ती खूप चांगली खेळते. माझ्यापेक्षा चांगली. मला माहितीये ते." मग थोडं थांबून, "पण मी पण वाईट नाही गं."

आमच्या घराण्यात असं मनातलं बोलायची पद्धत नाही. मी "बरं बरं, जा आत" म्हटलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवसापासून ती बाई शिकायला येऊ लागली. मी मनात तिचं नाव पाहुणी ठेवलं. दारातून वाकून आत यायची, पियानोशेजारच्या छोट्या बाकावर बसायची, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवायची आणि वही उघडायची. आमची भाषा तिला मोडकीतोडकी येत होती. सगळ्यांना "तुम्ही" म्हणायची, शाळेच्या मांजरालासुद्धा.

आणि गळा! काय सांगू. विहिरीच्या काठावरून रिकामी बादली फरफटत नेल्यासारखा. मी एक सूर द्यावा, तिनं शेजारचाही नव्हे, तिसऱ्याच घरातला लावावा. मला मनातून हायसं वाटलं, हे कबूल करते. खोटं न बोलता भाचीचं काम होणार होतं. चालीला पन्नास गुण, शब्दांना पन्नास; दोन्हींत किमान वीस हवेत. या गळ्याला वीस म्हणजे स्वप्न. मी रोज तिला शिकवत होते आणि रोज निश्चिंत होऊन घरी जात होते. माणूस स्वतःच्या प्रामाणिकपणावर किती खूश असतो!

पण बाई चिवट होती. दहा मिनिटं आधी यायची. वहीत आमचे शब्द तिच्या लिपीत, त्याखाली तिच्या भाषेत अर्थ. तिसऱ्या कडव्यातली एक ओळ दाखवून तिनं विचारलं, "बाई, याचा अर्थ काय?"

एकतीस वर्षं ती ओळ मी शिकवली होती. मी चष्मा पुसला. पियानोचं झाकण पुसलं. "उद्या सांगते," म्हटलं. घरी जाऊन जुना शब्दकोश काढला तेव्हा कुठे ती मला कळली.

हळूहळू ती स्वतःबद्दल सांगू लागली. सात देश म्हणजे दोन बॅगा. एकीत कपडे, दुसरीत उशी आणि एक तवा. एका क्लबचा मालक फरशा बनवायचा. त्यानं तिला व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत ठेवलं होतं, खाली चेंडू आपटला की वर भांडी वाजायची. एका क्लबमध्ये दोनच परदेशी खेळाडू चालत. एक दिवस सरावाला गेली तर तिसरी उंच बाई दाराशी उभी होती, आणि तेवढ्यावरून हिला कळलं, की आपली बॅग भरायची आहे. सात भाषांत तिला चार गोष्टी म्हणता येत. डावीकडे, उजवीकडे, बर्फ, आणि "पुढच्या वर्षी बघू".

"आणि तुमचा स्वतःचा देश?" मी विचारलं.

"माझ्या देशात माझ्यासारख्या चाळीस," ती म्हणाली. "मला कधी बोलावलं नाही. सामन्याआधी गाणं वाजतं, सगळ्या गातात, मी बुटांकडे बघते. अकरा वर्षं बूट बघितले."

भाड्याच्या उंचीला मन असायला माझी हरकत नव्हती, पण ते माझ्या वर्गात आणायची काय गरज होती?

परीक्षेच्या आदल्या दिवशी जाताना ती दारात वाकून थांबली. "बाई, ती तेरावी मुलगी तुमची भाची आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"तिनंच. सरावात. मला पाणी देताना." तिनं वही काखेत घातली. "मी जिथे गेले तिथे कुणीतरी बाकावर गेली. कुणाची मावशी मात्र पहिल्यांदा भेटली."

परीक्षा महासंघाच्या सभागृहात होती. भिंतीवर जुन्या अध्यक्षांचे फोटो, सगळे ओळीनं बिनकामाचे. पुढे सात-आठ पत्रकार आणि दोन कॅमेरे. एका बाजूच्या लांब बाकावर अख्खा संघ बसवला होता, अकरा जणी, आणि अगदी टोकाला शिडी. तिलाही संघाचा सरावाचा पोशाख घालून यायला सांगितलं होतं, तयारीत असू दे म्हणून. मागच्या रांगेत माझी बहीण पर्स छातीशी धरून बसली होती.

पाहुणी उभी राहिली आणि चारही कडवी म्हणाली. एक शब्द चुकला नाही, एक अक्षर गळलं नाही. तिसऱ्या कडव्यातल्या त्या ओळीला तर तिनं माझ्याकडे बघितलं, अर्थ कळल्याची खूण म्हणून. आणि सूर? सूर पहिल्या ओळीतच घर सोडून गेला, तो परत आला नाही.

मी कागदावर लिहिलं. शब्द, पन्नास. चाल, अकरा. चालीत नापास, म्हणून नापास. न्याय झाला होता. भाचीचंही भलं झालं होतं. खाली सही करायची, उठायचं आणि घरी जाऊन चहा प्यायचा, एवढंच उरलं होतं. मी पेन टेकवलंसुद्धा.

तेवढ्यात बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी. मग संघाच्या कर्णधार बाईंनी हात तोंडावर ठेवून शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि अख्खा बाक हलायला लागला. शिडी हसत नव्हती, हे मी पाहिलं होतं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. ज्या पोरींना दुसरं कडवं कशाशी खातात ते माहीत नाही, त्या चार कडवी म्हणणाऱ्या बाईला हसतात? माझ्यासमोर?

"कर्णधार," मी म्हटलं, "उठा. म्हणा चार कडवी."

सचिव अर्धवट उठले. "बाई, यांची परीक्षा नाहीये..."

"मग आता आहे. गाणं देशाचं आहे ना? का फक्त पाहुण्यांसाठी आहे?"

पत्रकारांनी मान वर केली. कॅमेरे वळले. इतकं कौतुक मला फार वर्षांत मिळालं नव्हतं, आणि ते मला चढलं. खरं तेच सांगते.

कर्णधार पहिलं कडवं म्हणाली, ते शाळेत म्हणतात तसं, भराभर. दुसऱ्याच्या पहिल्या ओळीवर गाडी थांबली. "पुढचं?" "पुढचं... नाही येत." "बसा." दुसरीला दुसऱ्या कडव्याचे तीन शब्द येत होते. तिसरीनं दुसऱ्याच कुठल्या गाण्याची ओळ घुसडली. एकेकीला उठवत गेले, एकेकीचं तोंड पाडत गेले. पत्रकार खदखदत होते, सचिव घाम पुसत होते, भिंतीवरचे अध्यक्षसुद्धा ओशाळल्यासारखे दिसत होते. आयुष्यात इतकी मजा मला कुठल्याच परीक्षेत आली नव्हती.

अकरा जणी झाल्या. टोकाला शिडी उरली. क्षणभर हात थांबला. पण हिला सोडली तर लोक म्हणतील, मावशीनं भाचीला वगळलं. माझ्या सहीचा कागद म्हणजे कागद.

"पुढची," मी म्हटलं.

ती उभी राहिली. पहिलं कडवं तिनं इतकं स्वच्छ म्हटलं, की सभागृह गप्प झालं. लहानपणी माझ्या मांडीवर बसून शिकलेलं ते कडवं. मग ती थांबली. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. पुढची तीन कडवी मी तिला कधी शिकवलीच नव्हती. ती चौथीत असताना मला शाळेच्या स्पर्धांतून वेळ नव्हता.

"बसा," मी म्हटलं.

मी तेरा नावांपुढे गुण लिहिले, तेरा वेळा नापास लिहिलं आणि ऐटीत सही केली. पाहुणी, एकसष्ट. कर्णधार, तेवीस. शिडी, पंचवीस. एक कडवं म्हणणाऱ्याला चार कडव्यांचे गुण मी देत नसते.

सचिवांनी कागद घेतला. वाचला. पुन्हा वाचला. आणि त्या बुडव्या माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं, की मला एकदम थंडी वाजली.

"मित्रहो," ते कॅमेऱ्यांकडे वळून म्हणाले, "बाईंनी आज देशाचे डोळे उघडले. तेरा जणींची एकच परीक्षा झाली, एकाच मापानं. आणि त्या तेरा जणींत आपली नवी भगिनी पहिली आली. एकसष्ट गुण! दुसऱ्या क्रमांकाला पंचवीस!"

टाळ्या पडल्या. मी ओरडले, "अहो, ती चालीत नापास आहे! खाली लिहिलंय!"

"सगळ्याच नापास आहेत, बाई," ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले. "नापासावर माणूस वगळायचा तर संघच राहत नाही. मग पहिली कोण, एवढंच बघायचं. एकट्या तिला नापास केलं असतंत तर माझे हात बांधले गेले असते. छापून आलं होतं ना."

त्यांनी तिथल्या तिथे पाहुणीला जर्सी दिली. तिनं ती दोन्ही हातांत धरली, पण घातली नाही. बाकाच्या टोकाकडे बघत राहिली. टोकाला कुणी नव्हतं. शिडी उठून गेली होती.

दारात बहिणीनं मला गाठलं. मला वाटलं, रडेल, शिव्या देईल. ती फक्त म्हणाली, "ताई, तुला एकीचीच परीक्षा घ्यायला सांगितली होती."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माझ्या सहीचा फोटो आला. खाली मथळा, "मावशीच्या परीक्षेत पाहुणी पहिली". शाळेत सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, नात्यागोत्याला न जुमानणारी एक तरी व्यक्ती उरली आहे. मी धन्यवाद म्हटलं आणि वर्गात जाऊन दार लावून घेतलं.

बहिणीनं माझ्याशी बोलणं टाकलं. तीन आठवड्यांनी शिडीचाच फोन आला. "मावशी, पहिली मॅच आहे दुपारी. ये बघायला." नाही म्हणायला तोंड नव्हतं.

बहिणीनं न बोलता खुर्ची पुढे केली. शिडी जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, पाय टीव्हीच्या टेबलापर्यंत पोचलेले. पडद्यावर दोन्ही संघ ओळीत उभे होते. आमचं गीत सुरू झालं आणि कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सरकू लागला. अकरा तोंडं अर्धवट हलत होती. बाराव्या तोंडाशी कॅमेरा आला, तेव्हा मात्र ते पूर्ण उघडलं होतं, मान वर, बुटांकडे नव्हे. सूर तसाच, घर सोडून गेलेला. पहिलं कडवं संपलं, वाद्यं थांबली, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि खोलीत दुसरं कडवं सुरू झालं.

शिडी गात होती. टीव्हीकडे बघत, खालच्या आवाजात, सावकाश. दुसरं संपवून तिसरं. त्या ओळीला तिनं किंचित थांबून श्वास घेतला, अर्थ माहीत असलेली माणसं घेतात तसा. मग चौथं. एक शब्द चुकला नाही, एक सूर ढळला नाही. बहीण स्वयंपाकघराच्या दारात हातात पेला घेऊन उभी होती. पडद्यावर पंचानं चेंडू वर उडवला आणि पाहुणीनं तो सगळ्यांच्या डोक्यावरून आपल्या संघाकडे टोलवला.

"आता किती, मावशी?" शिडीनं विचारलं. आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं.

शंभर. शंभरातले शंभर, एकतीस वर्षांत मी कुणालाही न दिलेले. मला ते सांगता आले नाहीत. मला माझी इतकी लाज वाटत होती, की मी तिच्या पायांकडेच बघत राहिले.